हजेरीचे दप्तर

पुण्याहून सोलापूरकडे निघालेली आगगाडी हडपसर मागे टाकून मांजरी बुद्रुकच्या लहानशा स्थानकावरून लोणीच्या दिशेने पुढे सरकते, तेव्हा डब्यात बसलेल्या इसमास तू कोण, कोणत्या गावचा, परत केव्हा येणार, असे कोणी विचारीत नाही. परंतु तीन पिढ्यांमागे याच मुलखात अशी माणसे नांदत होती, की ज्यांना वेशीबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी सरकारी दाखला कनवटीला लावावा लागे, आणि तो जवळ नसला म्हणजे भावाच्या लग्नाला जाणे हाही अपराध ठरे.

या प्रथेचे मूळ शोधू लागले म्हणजे प्रथम आठवतो तो रामोशी. गावगाड्यात रात्रीची राखण त्याच्याकडे असे. चोरी झाली तर पायांचे ठसे पाहत माग काढायचा, तो माग शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन तेथील राखणदाराच्या हवाली करायचा, आणि माग आपल्याच हद्दीत विरला तर नुकसानीची भरपाई करायची, अशी ती जोखमीची चाकरी होती. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, गडकिल्ल्यांवरची शिबंदी मोडली, वतने आणि हक्क हिरावले गेले, आणि पुरंदरच्या भिवडी गावचा उमाजी नाईक कंपनी सरकारविरुद्ध उठला. १८३२ च्या फेब्रुवारीत त्याला पुण्यात फाशी दिली गेली. आणि पुढच्याच वर्षी कॅप्टन मॅकिंटॉशचा रामोशी जमातीवरील ग्रंथ मुंबईत छापून निघाला. एका माणसाच्या बंडाचे उत्तर त्याच्या साऱ्या जातीचे वर्णन लिहून शोधावे, ही रीत तेव्हापासून रूढ होत गेली, असे मला वाटते. पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर १८८५ मध्ये निघाले. त्यात उचले अथवा भामटे यांची नोंद जन्माने चोरी करणारी जात अशाच दृष्टीने झालेली आहे.

हा विचार कायद्यात उतरला तो १८७१ साली. गुन्हेगार जमातींचा तो कायदा प्रारंभी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, आणि १९११ च्या सुधारणेने मुंबई आणि मद्रास इलाख्यांचे दरवाजे त्याला खुले झाले. १९२४ मध्ये त्याला अखेरचे रूप मिळाले. सरकारने जाहीरनामा काढून एखादी जमात गुन्हेगार ठरविली, की तिच्यातील माणसाने काय केले याची चौकशी करण्याचे प्रयोजनच उरत नसे. पटावर नाव चढे, बोटांचे ठसे घेतले जात, आणि मग सुरू होई हजेरी.

ही हजेरी म्हणजे काय, हे नुसत्या शब्दावरून कळत नाही. दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबून आलेला माणूस भाकरी खाण्याआधी चावडीपुढे येऊन उभा राही. आत कंदिलाच्या उजेडात पोलीस पाटील दप्तर उघडून नावे पुकारी, आणि प्रत्येकाने आपल्या नावाला ओ द्यायची. तापाने फणफणलेल्याला घरच्यांनी हाताला धरून आणावे लागे, कारण गैरहजेरीची नोंद पुढे तालुक्याला जाई. ज्या चावडीवरून पूर्वी रामोशी गावाला जागे ठेवण्यासाठी हाळी देत असे, तिच्यापुढेच आता त्याच्या नावाची हाळी होऊ लागली. हा अपमान तुरुंगवासाहून लहान होता, असे म्हणण्यास माझे मन धजत नाही.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी ही हजेरी १९१८ सालीच बंद केली. संस्थानिकाला जे दिसले ते इलाख्याच्या सरकारला दिसण्यास आणखी तीस वर्षे लागली. दरम्यान सोलापुरात काटेरी तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली, आणि तेथील बायकापुरुषांचे श्रम गिरण्यांना मिळू लागले. मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला, देशभर तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला, आणि म्हणूनच त्या दिवसाला विमुक्त दिन म्हणतात. मात्र १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला, आणि नोंदवहीचे नाव पालटले तरी तिच्यातील आडनावे फारशी पालटली नाहीत. पारध्याच्या पालावर रात्री-अपरात्री पडणारी धाड हीच त्याची साक्ष. लक्ष्मण गायकवाडांनी आपल्या आत्मकथनाला ‘उचल्या’ हेच नाव दिले, तेव्हा गॅझेटियरातला तो शब्द प्रथमच ज्याचा होता त्याच्या हाती आला.

या साऱ्या दप्तरात एक रकाना कधीच नव्हता. कोणाला अडविले ते लिहिले जाई. अडविणाऱ्याने कोणत्या कारणाने अडविले, झडतीत काय सापडले, आणि त्याच वाटेने गेलेल्या किती जणांना हात लावला नाही, हे कोणी लिहून ठेवीत नसे. असा रकाना अन्यत्र मात्र निघाला. अमेरिकेत काळ्या वर्णाच्या माणसाची गाडी रस्त्यात पुनःपुन्हा अडविली जाते, ही तक्रार फार जुनी. तिची दखल घेऊन १९९९ मध्ये नॉर्थ कॅरोलायना आणि कनेक्टिकट या राज्यांनी कायदे केले, आणि गाडी थांबविणाऱ्या शिपायाने चालकाचा वंश, थांबविण्याचे कारण व झडतीचा निकाल नोंदवावा असे बंधन घातले. म्हणजे लेखणी तीच, पण तिचे टोक सरकारकडे वळले. अन्याय त्यामुळे थांबला असे नव्हे. पण तो मोजता येऊ लागला, आणि जे मोजता येते त्याचा जाब न्यायालयात मागता येतो. आपल्याकडे २०२४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने मागास समाजातील निरपराधांची नावे पोलिसांच्या गुन्हेगारी नोंदपत्रांत यांत्रिकपणे चढविली जाऊ नयेत म्हणून राज्यांना आपले नियम तपासण्यास सांगितले, आणि ऑक्टोबरात, तुरुंगातील जातिभेदाच्या खटल्यात, विमुक्तांना मनमानीने अटक होऊ नये असे बजावले. असे आदेश ठाण्यापर्यंत उतरले की नाही याची रुजवात घालायची, तर शिपायाने कोणाला का थांबविले याचे दप्तर हवे.

मांजरीवरून गेलेली गाडी सोलापूरला पोचली, की उतरलेला पाहुणा रिक्षावाल्याला पत्ता सांगतो. तारेच्या कुंपणातून सुटलेल्यांच्या वस्तीचे नाव आजही ‘सेटलमेंट’ असेच आहे, आणि रिक्षावाला अधिक न विचारता त्याला तेथे नेऊन सोडतो.