शौल लादानी : पन्नास किलोमीटर चालणारे प्राध्यापक

मंडळी, 'चालण्याची शर्यत' म्हटले की आपल्याकडे अनेकांना हसू येते. पण यातली ५० किलोमीटरची पुरुषांची शर्यत १९३२ पासून २०२१ च्या टोकियो स्पर्धेपर्यंत (१९७६ चा अपवाद वगळता) ऑलिंपिकमध्ये होती, आणि तिचे अंतर मॅरेथॉनपेक्षाही जास्त! नियम कडक असतात. एक पाय सतत जमिनीला टेकलेला हवा. दोन्ही पाय हवेत दिसले की पंच हटकतात, आणि पुन्हा पुन्हा तसे घडले तर खेळाडू बाद. या खेळातल्या एका विलक्षण माणसाची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

बालपण
लादानी यांचा जन्म २ एप्रिल १९३६ रोजी बेलग्रेड येथे ज्यू कुटुंबात झाला. १९४१ च्या जर्मन हल्ल्यानंतर कुटुंब हंगेरीत गेले. १९४४ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी, त्यांची रवानगी आईवडिलांसह बर्गन-बेल्सनच्या छळछावणीत झाली. पैशाच्या मोबदल्यात झालेल्या वाटाघाटींमुळे सुटलेल्या गटात ते होते आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्वित्झर्लंडला पोहोचले. १९४८ मध्ये कुटुंब इस्रायलला आले.

शिक्षण आणि सराव
आम्हा इंजिनियर मंडळींना जवळचा वाटेल असा हा भाग. तेक्नियनमधून मेकॅनिकल इंजिनियरिंग, नंतर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टरेट. सुरुवातीला ते मॅरेथॉन धावत, चालण्याकडे वळले ते १९६० च्या दशकात. अभ्यास आणि नोकरी सांभाळून त्यांनी सराव केला.

१९७२ हे वर्ष
मेक्सिको ऑलिंपिकमध्ये (१९६८) ते २४ वे आले होते. १९७२ मध्ये न्यू जर्सी येथे त्यांनी ५० मैल अंतर ७ तास २३ मिनिटे ५० सेकंदांत चालून विश्वविक्रम केला. ३ सप्टेंबरला म्युनिकमध्ये ५० किलोमीटर ४ तास २४ मिनिटे ३८ सेकंदांत पूर्ण करून ते १९ वे आले.

दोनच दिवसांनी, ५ सप्टेंबरच्या पहाटे, दहशतवादी इस्रायली संघाच्या निवासात शिरले. लादानी दुसऱ्या क्रमांकाच्या सदनिकेत होते. हल्लेखोर तिथे गेले नाहीत आणि ते बाहेर पडू शकले. संघातील ११ जण मात्र प्राणास मुकले. काही वृत्तपत्रांनी लादानी यांचेही नाव मृतांत छापले होते.

यानंतर कोणी खेळ सोडला असता तर त्याला दोष कोण देणार? पण त्याच वर्षी लादानी स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे १०० किलोमीटरच्या जागतिक स्पर्धेत उतरले आणि जिंकले.

पुढील आयुष्य
बीरशेबा येथील बेन-गुरियन विद्यापीठात ते इंडस्ट्रियल इंजिनियरिंगचे प्राध्यापक झाले. आपल्या बेने इस्रायल समाजाची अनेक मराठी घरे याच शहरात आहेत. २००७ मध्ये त्यांना पिएर द कुबेर्तां पदक मिळाले. उतारवयातही ते दर वाढदिवसाला, जितके वय तितके किलोमीटर चालत.

पदकांच्या यादीत लादानी यांचे ऑलिंपिक पदक सापडणार नाही. तरीही मुलांना सांगावी अशी ही गोष्ट आहे. चला तर, या रविवारी मुलांना घेऊन निदान पाच किलोमीटर चालूया!