वाऱ्याला वाट कोठें सांपडली?

बीड जिल्ह्यांतील गेवराई तालुक्यांत चकलांबा नांवाचें गांव आहे. तालुक्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. परंतु पाऊस बेभरवशाचा, आणि जमीन सर्वांना पुरेशी नाहीं. म्हणून दिवाळीचा सुमार आला कीं या भागांतील कितीतरी कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिमेकडील साखर कारखान्यांची वाट धरतात. अंगावर मुकादमाची उचल असते, बरोबर बैल व पोरेंबाळें असतात, आणि पुढले पांच-सहा महिने पुष्कळांचा संसार टायरगाडीभोवतीं फिरतो. मजुरी टनावर मिळते. वाटेंत ट्यूबला टांचणीच्या टोकाएवढें भोंक पडलें तर भरलेली गाडी जागच्या जागीं बसते, ऊस वाळून वजनांत घटूं लागतो आणि बैल जोखडाखालीं तिष्ठत राहतात. शहरांतील गृहस्थाला आजाऱ्याच्या उशाची हवेची उशी सकाळीं चपटी झालेली आढळते, तेव्हां त्याचें नुकसान त्या मानानें किरकोळ असतें. प्रश्न मात्र दोघांपुढेंहि तोच: वाऱ्याला वाट कोठें सांपडली?

हा प्रश्न रबराहून फार जुना आहे. इसवी सनापूर्वीं नवव्या शतकांत होऊन गेलेला असुरी राजा दुसरा अशुरनासिरपाल याच्या निमरूद येथील राजवाड्यांतले शिल्पपट आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें आहेत. त्यांतील एका पटांत माणसें फुगविलेलीं कातडीं पोटाशीं धरून नदी ओलांडीत आहेत, आणि पोहतां पोहतांच कातड्याला तोंड लावून फुंकीत आहेत. कातडें वाटेंत सैलावत असलें पाहिजे, त्याशिवाय भर प्रवाहांत फुंकण्याचा खटाटोप कोण करील?

आपल्याकडील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग 1539 सालचा. गंगाकांठीं चौसा येथें शेरखानानें पहांटे घातलेल्या छाप्यांत मोंगल सेना उधळली. हुमायून बादशहा नदींत शिरला आणि बुडूं लागला. तेव्हां निजाम नांवाच्या भिस्त्यानें आपल्या फुगविलेल्या मशकीच्या आधारानें त्याला पैलतीरीं पोंचविलें. पुढें हुमायूननें उपकार स्मरून त्या भिस्त्याला थोडा काळ तख्तावर बसविलें. कथा सांगणाऱ्यांचें सारें लक्ष तख्ताकडे जातें, मशकीकडे कोणी पाहत नाहीं. ती रोज पाण्यानें भरली जात होती, तिचें कातडें ओलें व मऊ होतें, आणि ज्या शिवणींतून पाणी ठिबकतें तेथूनच वाराहि सुटतो. भिस्त्याला आपल्या पाठीवर पडणारा प्रत्येक थेंब कोठून आला हें ठाऊक असतें. कोरडी, तडकलेली मशक त्या पहांटे बादशहाच्या कामास आली नसती.

दक्षिणेंतील नद्यांवर हेंच काम भोपळ्यांनीं केलें. वाळलेले भोपळे एकत्र बांधून केलेल्या तरंगत्या साधनाला सांगड म्हणत. दोन गोष्टींची ‘सांगड घालणें’ या आपल्या नित्याच्या बोलण्यांत तीच जोडणी आहे. भोपळा निसर्गतःच बंद असतो. त्याला चीर गेली तर पाणी आंत शिरतें, आणि हलवितांच तें खळखळून दोष सांगतें.

वारा कोंडण्याच्या कामीं विद्वानांचीहि अशीच फजिती झाली. रॉबर्ट बॉइल यानें हवा उपसण्याच्या पंपावरील आपले प्रयोग 1660 सालीं प्रसिद्ध केले. त्याची मोठी अडचण हीच होती कीं, सांध्यांतून बाहेरचा वारा आंत शिरे. पुढें केलेल्या दुसऱ्या पंपांत त्यानें दट्ट्याचा भाग पाण्याखालींच ठेवला. भिस्त्याचें जें शहाणपण होतें त्याच शहाणपणाकडे बॉइलहि वळला म्हणावयाचा!

रबरी चाकाची कथा अनेकांना अर्धीच ठाऊक असते. हवेच्या धांवेचें पहिलें पेटंट रॉबर्ट विल्यम टॉमसन यानें 1845 सालीं घेतलें होतें. पण तें मागें पडलें, आणि 1888 सालीं बेलफास्ट येथील गुरांचा डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यानें मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं तोच शोध पुन्हा लावला. पहिल्या धांवा चाकाला चिकटवून टाकलेल्या असत. फ्रान्सांत मिशेलिन बंधूंच्या कारखान्यांत अशी एक फुटकी धांव दुरुस्तीला आली, तेव्हां तिच्यावर कित्येक तास गेले, आणि चिकटविलेलें वाळण्यास रात्रभर थांबावें लागलें. त्यांतूनच सुटी काढतां येणारी धांव निघाली. 1891 सालीं ती वापरून शार्ल तेरों यानें पॅरिस ते ब्रेस्त आणि परत ही शर्यत जिंकली. छिद्र बुजविण्यापूर्वीं तें पाहतां आलें पाहिजे, आणि पाहण्यासाठीं ट्यूब बाहेर काढतां आली पाहिजे. रस्त्याकडेला पंक्चर काढणाऱ्याचें पाण्याचें घमेलें त्यानंतरचें.

त्या घमेल्यांत जें चालतें तें घरींहि करण्याजोगें आहे. वस्तु प्रथम चांगली फुगवावी, कारण सूक्ष्म छिद्र रबर ताणल्याशिवाय उघडत नाहीं. मग थोडथोडा भाग पाण्याखालीं दाबून बुडबुड्यांची सलग माळ कोठून निघते तें पाहावें. पृष्ठभागाला चिकटून राहिलेले सुटे बुडबुडे फसवे असतात. गादीसारखी मोठी वस्तु पाण्यांत मावत नाहीं. तिच्यावर साबणाचा फेस चोळावा, जेथें फेस फुगत राहील तेथें बोट ठेवावें. साबणानें पाण्याचा ताण कमी होतो आणि अगदीं मंद वाराहि पातळ पापुद्रा फुगवूं शकतो. सर्वांआधीं तपासावयाचा तो व्हॉल्व्ह. सायकलवाला त्यावर थुंकीचा थेंब लावतो. सभ्य गृहस्थानें पाणी लावावें. व्हॉल्व्ह गळत असतां ट्यूबवर ठिगळें लावीत बसणें म्हणजे दुखणें म्हशीला आणि औषध पखालीला!

थंडींत आणखी एक चूक होते. दुपारीं 30 अंश उष्णतेंत भरलेली हवा पहांटे 10 अंशांवर आली कीं सुमारें पंधराव्या हिश्श्यानें आकसते. उशी सैल दिसते, घरांत शोधाशोध सुरू होते, आणि छिद्र तर कोठेंच नसतें. उन्हें आल्यावर एकदां पाहून मग घमेलें काढावें.

उसाच्या फडाकडे जाणाऱ्या वाटेवर इतकी सवड नसते. तेथें कंदिलाच्या किंवा बॅटरीच्या उजेडांत ट्यूब बाहेर येते. जवळ पाट असला तर ती पाटांत बुडवितात, नसला तर पिण्याच्या घागरींतलें पाणी तिच्यावर ओततात. एकजण ओततो, दुसरा वांकून पाहतो. बुडबुडा दिसला कीं तेथें खूण करावयाची, ती जागा कोरडी करून कानशीनें घासावयाची, सोल्यूशन लावून वाळूं द्यावयाचें, आणि मगच ठिगळ. ओल्या जागीं घाईनें लावलेलें ठिगळ पुढच्या चढाला सुटतें, हें त्यांना पुरतें ठाऊक असतें. तेवढा वेळ बैल सोडलेले असतात, आणि बाई गाडीच्या जोखडाखालीं दगड लावीत असते. उजाडण्यापूर्वीं गाडी कारखान्याच्या वजनकांट्यावर लागली पाहिजे.