रेटिनॉइड मलम : मुरुमांवरील उपचार आणि मुंबई उपनगरांतील वापर

रेटिनॉइड मलम : मुरुमांवर लावायचे, ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातील औषध. क्रीम किंवा जेलच्या रूपात, लहान ट्यूबमध्ये मिळते. भारतात ते डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायचे औषध आहे. प्रत्यक्षात अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत चिठ्ठी न दाखवताही ते सहज हाती पडते, आणि या नोंदीतील निम्म्या तक्रारींचे मूळ तिथेच आहे. औषध गुणकारी आहे. परंतु पहिले तीन महिने ते धीराने आणि योग्य रीतीने लावले तरच त्याचा गुण दिसतो. बहुतेकांचा अनुभव बिघडतो तो औषधामुळे नव्हे, तर हे आधी कोणी सांगितलेले नसते म्हणून.

प्रकार : भारतात मुख्यतः दोन द्रव्ये वापरली जातात. ट्रेटिनॉइन हे जुने, ०.०२५ आणि ०.०५ टक्के तीव्रतेत. अ‍ॅडापॅलिन हे नंतरचे आणि त्वचेला तुलनेने सौम्य. ते बहुधा ०.१ टक्के जेलमध्ये असते. टॅझारोटीन अधिक प्रखर आहे व ते सोरायसिसवरही देतात. ट्रायफॅरोटिन सर्वांत नवे असून अमेरिकेत त्याला २०१९ मध्ये मान्यता मिळाली. रेटिनो-ए हे ट्रेटिनॉइनचे नाव कॉलेजच्या मुलामुलींच्या तोंडी सर्वाधिक असते. अ‍ॅडापॅलिनचे डेरिवा ज्या ग्लेनमार्क कंपनीचे आहे, तिचे मुख्यालय अंधेरी पूर्वेला चकाल्यात आहे. अ‍ॅडापॅलिनबरोबर क्लिंडामायसिन किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइड असलेली जोड-औषधेही चालतात.

इतिहास : मुरूम हा आजार जुनाच. सुश्रुतसंहितेत तो क्षुद्ररोगांमध्ये मुखदूषिका या नावाने येतो आणि तिथे पुळ्यांना सावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. घरोघरी हळद, चंदन आणि मुलतानी माती हे उपाय होते, आजही आहेत. रेटिनॉइडची वाट मात्र परदेशातून आली. ‘अ’ जीवनसत्त्वाचे आम्ल त्वचेवर लावून पाहण्याचे काम जर्मनीत ग्युंटर श्ट्युटगेन यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी केले. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील अल्बर्ट क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये मुरुमांवरील परिणाम प्रसिद्ध केले आणि १९७१ मध्ये ट्रेटिनॉइनला तिथे मान्यता मिळाली. अ‍ॅडापॅलिनची मान्यता १९९६ची.

या इतिहासाची काळी बाजू कोशात नोंदलीच पाहिजे. क्लिगमन यांचे त्या काळातील पुष्कळसे संशोधन फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांवर झाले. हे कैदी बहुसंख्येने कृष्णवर्णीय होते, आणि त्यांची संमती खऱ्या अर्थाने मोकळी म्हणता येत नाही. हे प्रयोग १९७४ मध्ये थांबले. विद्यापीठाने २०२१ मध्ये आणि फिलाडेल्फिया शहराने २०२२ मध्ये त्याबद्दल माफी मागितली. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या या मलमामागे त्या माणसांची सोसलेली त्वचा आहे.

कार्य : केसाच्या मुळाशी असलेल्या सूक्ष्म नळीत त्वचेच्या मृत पेशी चिकटून बसतात, मागे तेल साचते आणि डोळ्यांना न दिसणारी गाठ तयार होते. पुढे तीच काळा किंवा पांढरा कण होते, त्यात जंतू वाढले की लाल पुळी येते. रेटिनॉइड पेशींमधील विशिष्ट ग्राहींना जाऊन जुळते आणि पेशींची वाढ व झड सुरळीत करते, त्यामुळे नळी तुंबतच नाही. थोडी सूजही कमी होते. म्हणजे हे औषध आज दिसणाऱ्या पुळीपेक्षा दोन महिन्यांनी येणाऱ्या पुळीवर काम करते. एवढे कळले की लावण्याची रीत आणि लागणारा वेळ दोन्ही उलगडतात. नुसत्या पुळीवर ठिपका देऊन उपयोग नाही, मुरूम येणाऱ्या सगळ्या भागावर पातळ थर हवा. आणि आठवड्यात फरक मागू नये.

लावण्याची रीत : रात्री, सौम्य साबणाने किंवा फेसवॉशने तोंड धुऊन, पूर्ण कोरडे झाल्यावर. ओल्या त्वचेवर ते अधिक झोंबते, म्हणून वीस-तीस मिनिटे थांबायला सांगतात. मात्रा वाटाण्याएवढी, संपूर्ण चेहऱ्याला मिळून. कपाळ, दोन्ही गाल आणि हनुवटी यांवर ठिपके देऊन पसरायचे. पापण्या, ओठांचे कोपरे आणि नाकपुड्यांच्या खाचा टाळायच्या. सुरुवातीला एक दिवसाआड. त्वचा फार नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग औषध. ट्रेटिनॉइन उजेडाने निकामी होते आणि जुन्या बनावटीचे असेल तर बेन्झॉइल पेरॉक्साइडनेही, म्हणून ती दोन एकाच वेळी लावत नाहीत. अ‍ॅडापॅलिनला ती अडचण नाही. पेरॉक्साइड असलेले जेल मात्र उशीच्या अभ्र्याचा आणि टॉवेलचा रंग उडवते. हे आधी ठाऊक नसले तर घरात गहजब होतो.

वापराचा अनुभव : पहिल्या आठवड्यात फारसे काही होत नाही, आणि तिथेच फसगत होते. फरक नाही म्हणून मात्रा वाढवली जाते, रोज दोनदा लावले जाते. दुसऱ्या आठवड्यापासून त्वचा ताणल्यासारखी वाटते, नाकाशेजारी आणि ओठांखाली पापुद्रे सुटतात, तोंड धुताना झोंबते, गाल लालसर होतात. सावळ्या चेहऱ्यावर ही लाली तशी दिसत नाही, त्वचा काळवंडल्यासारखी दिसते. नेमक्या याच सुमारास काहींचे मुरूम वाढतात, कारण आत दबलेल्या गाठी लवकर वर येतात. ‘याआधी बरी होतीस की’, असे घरातले म्हणतात. मावशी कोरफड सुचवते, शेजारीण लिंबू. दुसऱ्या ते सहाव्या आठवड्याच्या दरम्यान ट्यूब कपाटात जाते ती कायमची. डॉक्टरने पहिल्याच भेटीत या टप्प्याची कल्पना दिलेली असेल तर बहुतेक रुग्ण तो पार करतात. न दिलेली असेल तर ‘मला ते सूट झालं नाही’ हा निष्कर्ष पक्का होतो. खरोखर न मानवणारी त्वचाही असते: सूज, पाणी सुटणे किंवा सतत आग होणे हे सोसत बसायचे नसते, औषध थांबवून डॉक्टरला दाखवायचे असते.

सहाव्या आठवड्यानंतर सोलणे ओसरते. आठ ते बारा आठवड्यांत नव्या पुळ्या कमी येऊ लागतात. त्यानंतर लक्ष जाते डागांकडे. आपल्याकडच्या त्वचेत पुळी गेली तरी तिच्या जागी तपकिरी-काळा डाग महिनोन् महिने राहतो, आणि अनेकांना मुरुमांपेक्षा त्याचेच दुःख अधिक असते. रेटिनॉइडने हे डागही हळूहळू फिके होतात. खड्डे पडलेले असतील तर मात्र मलमाकडून मोठी अपेक्षा ठेवू नये. त्याचे उपचार वेगळे आहेत. मुरूम आटोक्यात आल्यावरही डॉक्टर बहुधा ते काही महिने चालू ठेवायला सांगतात, कारण सोडले की नळ्या पुन्हा तुंबू लागतात.

उपनगरातील राहणीचे काही विशेष या अनुभवाला वेगळे वळण देतात. इथली हवा वर्षाचा बराच काळ दमट, घामाने चेहरा चिकट. त्यामुळे मॉइश्चरायझर म्हटले की तोंड वाकडे होते. प्रत्यक्षात अंधेरीच्या सीप्झमध्ये किंवा मुलुंडच्या एखाद्या कार्यालयात दिवसाचे आठ-नऊ तास वातानुकूलनात बसणाऱ्याची त्वचा कोरडीच पडते, आणि रेटिनॉइडने ती आणखी सुकते. तेल नसलेले, नळ्या न तुंबवणारे मॉइश्चरायझर दुकानात मिळते, तेच घ्यावे. सनस्क्रीनबाबतही तीच उदासीनता. पावसाळ्यात ढग असले तरी अतिनील किरण येतातच, आणि रेटिनॉइड लावलेली त्वचा उन्हाला हळवी असते. भर दुपारी फलाटावर उभे राहणाऱ्याला, दुचाकीवर फिरणाऱ्याला सनस्क्रीन न लावता हा उपचार करणे म्हणजे डाग वाढवून घेणे. केसांना भरपूर खोबरेल लावून झोपण्याची सवय असेल तर कपाळावरच्या बारीक पुळ्या औषधाला दाद देत नाहीत. हेल्मेटच्या पट्ट्याखाली आणि तोंडावर घट्ट बांधलेल्या ओढणीखाली घर्षणाने येणारे मुरूमही तसेच चिवट.

ब्यूटी पार्लरचा प्रश्न वेगळा मांडायला हवा. रेटिनॉइडने त्वचेचा वरचा थर पातळ व सैल झालेला असतो. अशा वेळी वरच्या ओठाचे वॅक्सिंग केले तर केसांबरोबर कातडीही निघते, आठवडाभर टिकणारा चट्टा उठतो आणि मग त्याचा काळा डाग. थ्रेडिंगनेही खरचटते. ब्लीच आणि दाणेदार स्क्रब तर पूर्ण वर्ज्य. वॅक्सिंगच्या किमान आठवडाभर आधी औषध थांबवावे आणि पार्लरमधल्या बाईंना तसे स्पष्ट सांगावे. त्यांतल्या जाणत्या स्वतःच विचारतात. घरातले लग्न किंवा बोरिवली-घाटकोपरचा गरबा तोंडावर आला असताना हे औषध सुरू करू नये. सोलण्याचे दिवस नेमके तेव्हाच येतील. निदान तीन महिने आधी आरंभ करावा.

स्टेरॉइडची मिश्रणे : या नोंदीतील सर्वांत गंभीर भाग हा. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन या तीन द्रव्यांची एकत्र क्रीमे बाजारात आहेत. त्यांचा मूळ उपयोग वांगांवर, तोही थोड्या आठवड्यांपुरता, डॉक्टरच्या देखरेखीखाली. अशा मिश्रणाची पहिली कृती १९७५ मध्ये क्लिगमन यांनीच दिली होती. त्यातले स्टेरॉइड वेगळे होते. आपल्याकडे ही क्रीमे गोरे होण्यासाठी आणि पिंपलसाठी म्हणून हातोहात गेली. केमिस्टच्या काउंटरवर ‘तोंडाला काहीतरी द्या’ म्हटले की तेच पुढे येई. स्टेरॉइडने लाली चटकन बसते, चेहरा उजळतो, आठ दिवसांत गुण आल्यासारखे वाटते. खऱ्या रेटिनॉइडचा धीमा आणि सोलणारा अनुभव त्यापुढे फिका पडतो. काही महिन्यांनी मात्र त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, गालांवर केस येतात, पुळ्यांचे नवे पीक उगवते. क्रीम थांबवले की आग आणि लाली उसळते, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो.

त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने, आयएडीव्हीएलने, याविरुद्ध खास कृतिगट नेमला, न्यायालयात दाद मागितली आणि सरकारकडे पाठपुरावा केला. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइड औषधे ‘शेड्यूल एच’मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या यादीत घातली. नियम चांगला आहे. अंमलबजावणी ढिली आहे. अशा चिठ्ठीच्या औषधांच्या वेष्टनावर डाव्या कडेला असणारी तांबडी उभी रेघ नुसती शोभेची राहू नये, ही जबाबदारी विक्रेत्याची, अन्न व औषध प्रशासनाची आणि गिऱ्हाइकाचीही आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला रेटिनॉल सीरमे आहेत. ती प्रसाधन म्हणून चिठ्ठीशिवाय विकली जातात. रेटिनॉलचे त्वचेत गेल्यावर टप्प्याटप्प्याने आम्लात रूपांतर व्हावे लागते, त्यामुळे ते बरेच सौम्य असते. ते लावणे म्हणजे मुरुमांवर उपचार करणे नव्हे. सीरम आणि चिठ्ठीचे औषध दोन्ही एकदम लावून चेहरा भाजून घेतल्याची उदाहरणे मात्र डॉक्टरांना रोजची झाली आहेत.

कोणी टाळावे : गरोदर स्त्रियांनी आणि गर्भधारणेचा विचार असलेल्यांनी रेटिनॉइड मलम वापरू नये. मलमातून रक्तात फार थोडे औषध जाते, तरी सावधगिरी म्हणून ते बंद ठेवतात. तोंडाने घ्यायच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांची गोष्ट याहून कितीतरी कडक आहे, त्यांनी गर्भात गंभीर व्यंगे होतात. दोहोंची गल्लत होऊ नये. इसब असलेल्या किंवा उन्हाने पोळलेल्या त्वचेवरही हे मलम लावत नाहीत.

उपलब्धता : खासगी त्वचारोगतज्ज्ञ या उपनगरांत स्टेशनच्या दोन्ही बाजूंना आहेत. ज्यांना ती फी परवडत नाही त्यांच्यासाठी महापालिकेची रुग्णालये आहेत: पश्चिम उपनगरांना विलेपार्ल्याचे कूपर, तर मुलुंड-घाटकोपरकडच्यांना मध्य रेल्वेने जवळ पडणारे शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय. दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेली असल्याने तिथे त्वचारोगाची ओपीडी असते. केसपेपर काढायला सकाळी लवकर जावे. मुरूम म्हणजे क्षुल्लक गोष्ट, तिच्यासाठी एवढ्या मोठ्या रुग्णालयात काय जायचे, हा संकोच सोडावा. चेहऱ्यामुळे कॉलेज टाळणारी, फोटोत मागे उभी राहणारी मुले तिथे रोज येतात.

ज्यांच्या घरात पिंपलची म्हणून आणलेली ट्यूब आहे, त्यांनी तिच्यावरील घटकांची बारीक ओळ आजच वाचावी. तिथे मोमेटासोन, बेटामेथासोन, फ्लुओसिनोलोन किंवा क्लोबेटासॉल यांपैकी नाव असेल आणि ती बरेच दिवस चेहऱ्याला लावली जात असेल, तर स्वतःच्या मनाने एकाएकी बंद न करता ट्यूब सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे.