बोटांना लागतं ते कागदावर

मानेच्या मणक्यावर अंगठे ठेवून फिजिओथेरपिस्ट हलका दाब देतो, तेव्हा कुठे अडतंय आणि किती अडतंय ते त्याच्या बोटांना लागतं. टेबलावर पालथ्या पडलेल्या रुग्णालाही ते जाणवतं. ज्याला पैसे द्यायचे असतात तो मात्र त्या खोलीत नसतो. त्याच्या हाती पडतो तो नुसता कागद. म्हणून हातांच्या उपचारांची नोंद आणि बिल यांच्या इतिहासात हा खोलीबाहेरचा माणूस सतत डोकावत राहतो.

लंडनमध्ये प्रश्न आधी पैशांचा नव्हता, अब्रूचा होता. १८९४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'नं मसाजच्या पाटीआड चालणाऱ्या वेश्याव्यवसायावर लिहिलं आणि इमानानं काम करणाऱ्या परिचारिकाही संशयाच्या भोवऱ्यात सापडल्या. रोझलिंड पॅजेट आणि तिच्या तीन सहकाऱ्यांनी त्याच वर्षी प्रशिक्षित मसाज करणाऱ्या स्त्रियांची संस्था काढली. आजच्या चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपीचं मूळ ते. नियम कडक होते. डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय रुग्णाला हात लावायचा नाही. जाहिरात द्यायची तर वैद्यकीय नियतकालिकांतच. डॉक्टरांचा शब्द हीच या बायकांची ढाल होती. पण त्या शब्दातून उपचाराला परवानगी तेवढी मिळे. बोटांना काय सापडलं ते कळत नसे.

ते लिहायची रीत घालून दिली ॲडलेडच्या जेफ्री मेटलंड यांनी. त्यांचं 'व्हर्टिब्रल मॅनिप्युलेशन' हे पुस्तक १९६४ मध्ये आलं. सांधा हलवण्याच्या त्यांनी चार श्रेणी केल्या. हालचालीच्या सुरुवातीलाच दिलेला बारीक हेलकावा ही पहिली. सांधा मोकळा आहे तेवढ्यात घेतलेला मोठा हेलकावा दुसरी. मोठाच, पण अडथळ्यात शिरणारा, तो तिसरी. आणि अगदी टोकाला दिलेला बारीक हेलकावा चौथी. रुग्णाचं दुखणं नेमकं ज्या हालचालीत जागं होतं, तिच्यापुढे केसपेपरवर चांदणी काढायची आणि दाब दिल्यावर तीच हालचाल पुन्हा तपासायची. समजा, मान उजवीकडे ५० अंश वळत होती आणि तिसऱ्या श्रेणीच्या दाबांनंतर ६० अंश वळू लागली, तर त्या एका ओळीत तपासणी, उपचार आणि परिणाम तिन्ही आले. पुढच्या आठवड्यात दुसरा फिजिओ आला तरी त्याला नेमकं कुठून सुरू करायचं ते कळतं. स्पर्श शब्दांत पकडता येत नाही असं म्हणणाऱ्यांना याहून चांगलं उत्तर सापडणं कठीण.

अमेरिकेत मात्र संशय पैसे देणाऱ्याचा होता. १९७२ च्या कायद्यानं मेडिकेअर या सरकारी विम्यात कायरोप्रॅक्टरांचे मणक्यावरचे हस्तोपचार आले, पण अट अशी, की मणक्याचा दोष एक्स-रेमध्ये दिसला पाहिजे. बोटांची साक्ष चालत नसे, फिल्मची चाले. ही सक्ती उठली २००० मध्ये. तेव्हापासून तपासणीच्या नोंदीवरही दावा उभा राहतो: वेदना, दोन बाजूंतली तफावत, हालचालीतली विकृती आणि हाताला जाणवणारा स्नायू-त्वचेचा फरक. चारांपैकी निदान दोन गोष्टी हव्यात आणि त्यांत तफावत किंवा हालचाल यांपैकी एक हवीच. एवढ्या वर्षांनी हाताचं म्हणणं कागदावर ग्राह्य धरलं गेलं, हे मोठंच पाऊल होतं.

फिजिओथेरपीत याच सुमारास काटा दुसरीकडे झुकत होता. १९९९ मध्ये सांधा हलवणं, हातानं ताण देणं, स्नायूंवरचं आवरण सैल करणं असे बिलाचे वेगवेगळे कोड मोडून ९७१४० हा एकच कोड आला. साधा मसाज तेवढा ९७१२४ या आपल्या जुन्या कोडखाली वेगळा राहिला. नव्या कोडचं माप होतं पंधरा मिनिटं. मग पंधरा भरली नाहीत तर? त्यावर मेडिकेअरचा आठ मिनिटांचा नियम आहे: ८ ते २२ मिनिटांना एक युनिट, २३ ते ३७ ला दोन, ३८ ते ५२ ला तीन.

हे गणित दिसतं तितकं सरळ नाही. ३३ मिनिटं व्यायाम आणि ७ मिनिटं हस्तोपचार झाले, तर एकूण ४० मिनिटं, म्हणजे तीन युनिटं. व्यायामाची दोन पुरी झाली, वर तीन मिनिटं उरली. तिसरं युनिट जातं हस्तोपचारांना, कारण तीनपेक्षा सात जास्त. तीच सात मिनिटं एकटी असती तर त्यांचं एक युनिटही झालं नसतं. हाताखालचा सांधा मोकळा झाला की नाही, हे या हिशोबात कुठेच येत नाही, आणि या पद्धतीची खरी उणीव तीच आहे.

मुंबईत पोलिओच्या साथीनंतर १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला परळच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. आपल्याकडे खासगी दवाखान्यात आजही हिशोब बहुधा सिटिंगचा. "दहा सिटिंग सांगितल्यात," असं रुग्ण घरी येऊन सांगतो. एका सिटिंगला किती मिनिटं, हे सहसा कुणी विचारत नाही. इथून शिकून अमेरिकेत गेलेल्या मराठी मुलामुलींना मिनिटांचा पाढा नव्यानं पाठ करावा लागतो. मेडिकेअरला रोजच्या नोंदीत दोन आकडे हवेतच: मिनिटांवर मोजलेल्या उपचारांचा एकूण वेळ आणि सगळ्या उपचारांचा एकूण वेळ. ते भरून झाल्यावर पेन खाली न ठेवता जो फिजिओ मान किती वळली तेही लिहितो आणि शेजारी मेटलंडांची ती छोटी चांदणी काढतो, त्याची नोंद पुढच्या वेळी उघडणाऱ्याला मानेपर्यंत नेते.