रक्तातली भावकी

भुईमुगाचा वेल उपटला की मुळांवर मण्यांसारख्या बारीक गाठी दिसतात. चांगली पोसलेली गाठ नखाने फोडली, तर आत लालसर रंग असतो. शेतकरी हा रंग पिढ्यान् पिढ्या पाहत आला आहे. १९३९ साली कुबो नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने सोयाबीनच्या गाठींतला हा रंग तपासला आणि सांगितले, की हे हिमोग्लोबिनच आहे. आपले रक्त लाल करणारा पदार्थ झाडाच्या मुळाशी कसा? त्या काळी ही एक गंमत वाटली असेल. तिच्यामागे नाते आहे हे कळायला आणखी बरीच वर्षे जावी लागली.

प्रथिन म्हटले की आपल्याला डाळ आणि अंडे आठवते. पेशीच्या लेखी मात्र प्रथिन म्हणजे कामकरी. कुणी प्राणवायू वाहतो, कुणी अन्न तोडतो, कुणी दारावर बसून बाहेरचा निरोप आत पोचवतो. वीस प्रकारच्या अमिनो आम्लांचे मणी एका दोऱ्यात ओवले जातात, तो दोरा दुमडतो, आणि दुमडून जो आकार येतो त्यावर त्याचे काम ठरते. हा आकार डोळ्यांना दिसत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाही. तो पाहण्यासाठी एका माणसाने बावीस-तेवीस वर्षे घालवली.

मॅक्स पेरुत्झ त्यांचे नाव. व्हिएन्नात वाढलेले, ज्यू वंशाचे. १९३६ मध्ये केंब्रिजला आले आणि पुढच्या वर्षी घोड्याच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचे स्फटिक घेऊन बसले. क्ष-किरण सोडायचे, फिल्मवर उमटलेले ठिपके मोजायचे, आणि त्यांवरून अणूंच्या जागा हुडकायच्या. मध्येच महायुद्ध आले. १९४० साली इंग्रजांनी त्यांना शत्रुदेशाचा नागरिक म्हणून पकडले आणि थेट कॅनडातल्या छावणीत धाडले. ज्या राजवटीमुळे घराची वाट बंद झाली, तिचाच माणूस ठरून तुरुंगवास! सुटून आल्यावर पुन्हा तेच ठिपके. १९५३ मध्ये प्रथिनाला पाऱ्याचे अणू जोडून ठिपक्यांतला फरक वाचण्याची युक्ती त्यांना साधली, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली.

शेजारीच त्यांचे सहकारी जॉन केंड्र्यू मायोग्लोबिनवर काम करीत होते. हे स्नायूंतले प्रथिन, प्राणवायू साठवून ठेवणारे. पाण्यात दीर्घकाळ बुडी मारणाऱ्या स्पर्म व्हेलच्या मांसात ते भरपूर असते, म्हणून केंड्र्यूंनी व्हेलचे मांस मिळवले होते. १९६० साली दोघांचेही निष्कर्ष एकदमच छापून आले. हिमोग्लोबिन चार साखळ्यांचे, मायोग्लोबिन एकाच साखळीचे. पण त्या चारांतली कुठलीही एक साखळी उचलून व्हेलच्या मायोग्लोबिनशेजारी ठेवली, तर वळणे तीच, बाक तोच, आणि मधल्या खोबणीत लोहाचा अणू धरण्याची रीतही तीच. एक घोड्याच्या रक्तातले, दुसरे देवमाशाच्या मांसातले! दोघांना १९६२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

पुढे मण्यांचा क्रमही वाचता येऊ लागला, तेव्हा नवल आणखी वाढले. माणसाच्या मायोग्लोबिनचे आणि हिमोग्लोबिनचे जेमतेम पाव मणी जुळतात. बाकी सगळे बदललेले, तरी घडण कायम. मी कवितेतला माणूस, मला लगेच गझल आठवली. जमीन एक असली, वृत्त आणि रदीफ एक असला, की वेगवेगळ्या शायरांचे शब्द निराळे असूनही कान ओळखतो, की ही त्याच जमिनीतली गझल आहे.

या नात्यांची वंशावळ मांडली ती अमेरिकेतल्या मार्गारेट डेहॉफ यांनी. १९६५ साली त्यांनी त्या वेळी ज्ञात असलेल्या प्रथिनांचे क्रम एका पुस्तकात गोळा केले. ती होती अवघी साठ-पासष्ट. छिद्रे पाडलेली कार्डे संगणकाला भरवून त्या क्रम ताडून पाहत. निम्म्याहून अधिक मणी जुळले तर ते एक कुटुंब. त्याहून कमी जुळले, पण तो निव्वळ योगायोग म्हणता येत नसेल, तर ती ‘सुपरफॅमिली’, अशी विभागणी त्यांनी १९७० च्या दशकात केली. आपल्याकडे यासाठी शब्द तयारच आहे : भावकी. चूल वेगळी, शेत वेगळे, तोंडावळाही आता ओळखू येत नाही, पण मूळ पुरुष एक. नोबेलच्या यादीत डेहॉफबाईंचे नाव नाही. प्रथिनांच्या क्रमांचे आजचे प्रचंड संगणकीय साठे मात्र त्यांच्याच पुस्तकाच्या वाटेने आलेले आहेत.

ग्लोबिनांच्या या भावकीत मुळांच्या गाठीतले हिमोग्लोबिनही येते आणि आपल्या शरीरातलीही बरीच मंडळी येतात. मेंदूच्या पेशींतला न्यूरोग्लोबिन हा सदस्य तर २००० साली सापडला. त्याच्या नेमक्या कामावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे. मला जवळचे वाटते ते पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिन. आईच्या रक्तातून प्राणवायू ओढून घ्यायचा, तर बाळाची पकड आईपेक्षा घट्ट हवी. म्हणून गर्भात हिमोग्लोबिनच्या दोन बीटा साखळ्यांऐवजी त्यांच्या चुलत बहिणी, गॅमा साखळ्या, काम करतात. जन्मानंतर काही महिन्यांत त्या बाजूला होतात आणि बीटा कामावर येतात. गॅमाचे जनुक मात्र कुठे जात नाही. ते पेशीत निजून राहते.

ही गोष्ट आता विदर्भात आणि नंदुरबारकडे वळते. तिथल्या आदिवासी आणि इतरही काही समाजांत सिकलसेलचा आजार घरोघर ठाऊक आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, हाडे-सांधे असह्य दुखतात. १९४९ साली लायनस पॉलिंग यांनी दाखवले, की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. पेरुत्झ यांच्याच प्रयोगशाळेत व्हर्नन इनग्रॅम यांनी १९५७ पर्यंत तो नेमका शोधून काढला. बीटा साखळीत १४६ मणी असतात. त्यातला सहावा बदललेला. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन. बस्स, एवढेच. ज्याला आई आणि वडील दोघांकडूनही ही बदललेली साखळी येते, त्याचे आयुष्य दवाखान्याच्या फेऱ्यांत जाते.

याच संदर्भात १९४८ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ बाईंनी एक साधी गोष्ट टिपली होती. सिकलसेल घेऊन जन्मलेली बाळे पहिले काही महिने ठणठणीत असतात. अंगात अजून गर्भातले हिमोग्लोबिन असते, तेच त्यांना सांभाळत असावे, असे त्यांनी सुचवले. ते खरे निघाले. तेव्हापासून प्रश्न एकच होता : निजलेल्या गॅमाला पुन्हा उठवता येईल का?

येते. हायड्रॉक्सियुरिया हे औषध अनेक रुग्णांमध्ये गर्भातले हिमोग्लोबिन वाढवते, दुखण्याचे झटके कमी करते, आणि ते त्या मानाने स्वस्त आहे. फक्त रक्ताच्या तपासण्या वेळच्या वेळी कराव्या लागतात. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने एका जनुकोपचाराला मान्यता दिली. रुग्णाच्या रक्तमूळ पेशी काढायच्या, गॅमाला निजवणारे बटण त्यांत निकामी करायचे आणि पेशी परत द्यायच्या. अमेरिकेत त्याची किंमत ठरली बावीस लाख डॉलर, म्हणजे त्या वेळचे सुमारे अठरा कोटी रुपये. त्याच वर्षी १ जुलैला मध्य प्रदेशात शहडोल येथे भारताची राष्ट्रीय सिकलसेल मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे लक्ष्य. गडचिरोलीच्या आतल्या पाड्यावरच्या मुलीला अठरा कोटींच्या उपचाराचा आज काही उपयोग नाही. तिची तपासणी लहानपणीच होणे आणि हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल जवळच्या आरोग्य केंद्रात दर महिन्याला, खंड न पडता मिळणे, एवढे तरी हवे.