उद्याच्या कथेला आजचे पान

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाची लागोपाठची दोन अधिवेशने आपल्या वाचकांच्या विशेष स्मरणात राहतील. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या संमेलनाचे अध्यक्षपद वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. एका ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. त्यानंतरचे चौऱ्याण्णवावे संमेलन आपल्या नाशिक नगरीत ३ ते ५ डिसेंबर २०२१ या दिवसांत भरले. त्याचे नियोजित अध्यक्ष होते खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथाकार डॉ. जयंत विष्णु नारळीकर. १९४२ साली आचार्य अत्रे आणि २००५ साली केशव मेश्राम यांच्या अध्यक्षतेखालील संमेलने पाहिलेल्या या गावात या वेळी विज्ञानकथेच्या लेखकाचा सन्मान होत होता. प्रकृतीच्या अस्वास्थ्यामुळे डॉ. नारळीकर स्वतः नाशिकला येऊ शकले नाहीत. परंतु ज्या लेखनप्रकाराकडे समीक्षकांनी दीर्घकाळ फावल्या वेळचे वाचन म्हणून पाहिले, तो मराठी सारस्वताच्या मुख्य मंडपात आला, ही गोष्ट लहान नव्हे.

आज फादर दिब्रिटो आपल्यात नाहीत. जुलै २०२४ मध्ये त्यांनी देह ठेवला. डॉ. नारळीकरही २० मे २०२५ रोजी निवर्तले. अशा वेळी एक प्रश्न विचारावासा वाटतो. अस्तित्वात नसलेल्या जगाची कथा लिहिणाऱ्याला प्रेरणा कोठून मिळते, आणि ती लिहिल्यावर छापतो कोण? मराठी विज्ञानकथेचा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास या प्रश्नाच्या दोन्ही भागांचे उत्तर देतो.

परक्या बीजाची मराठी माती

मराठी कादंबरीचा आरंभ सामाजिक तळमळीतून झाला. बाबा पदमनजी या ख्रिस्ती लेखकाने १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहिले ते हिंदू विधवांचे दुःख समाजापुढे मांडण्यासाठी. थोड्याच वर्षांत 'मुक्तामाला' (१८६१), 'मंजुघोषा' (१८६८) अशा अद्भुतरम्य कादंबऱ्या आल्या आणि वाचक त्यांत रंगून गेले. वास्तव आणि अद्भुत या दोहोंची ओळख मराठी वाचकाला अशी प्रारंभापासून आहे. मात्र विज्ञानाच्या आधाराने 'असे घडले तर?' असा प्रश्न विचारणारी कथा अद्याप जन्माला यावयाची होती.

ती प्रथम भाषांतराच्या वाटेने आली. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न याने १८६५ साली चंद्रप्रवासावर कादंबरी लिहिली होती. विसाव्या शतकाच्या तोंडावर 'केरळ कोकिळ' या मासिकाने तिचे मराठी रूप क्रमशः छापले. हे मासिक कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी दूर कोचीत सुरू केले होते. महाराष्ट्राबाहेर रुजलेल्या एका मराठी मासिकाने आपल्या वाचकांना घरबसल्या चंद्रावर न्यावे, हा प्रसंगच मुळी कथेसारखा आहे. पुढे १९१५ च्या सुमारास श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' ही कथा आली. अभ्यासक तिला मराठीतील पहिली स्वतंत्र विज्ञानकथा मानतात. आधी अनुवाद, मग स्वतंत्र रचना, हा क्रम येथे स्पष्ट दिसतो.

त्याच काळात लेखकासाठी आणखी एक दार उघडले होते. काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली दिवाळी अंक काढला आणि दर वर्षी नव्या कथेची वाट पाहण्याची सवय मराठी घरांना लागली. १९२८ साली पुण्याहून 'सृष्टिज्ञान' निघू लागले आणि विज्ञान मराठीत समजावून सांगण्याची परंपरा दृढ झाली. अनंत अंतरकर यांनी १९४६ साली 'हंस' काढले. पुढे 'मोहिनी' आणि 'नवल' ही त्यांचीच अपत्ये. 'नवल'ने तर गूढ, भय आणि विज्ञान यांच्या सीमेवरील कथांना हक्काचे घर दिले. नारायण धारपांसारख्या लेखकाच्या भयकथा आणि विज्ञानकथा मराठी वाचक आवडीने वाचू लागला तो याच वातावरणात. मुलांच्या बाबतीत हे काम भा. रा. भागवतांनी केले. 'फास्टर फेणे'च्या या जनकाने व्हर्नच्या कादंबऱ्या अशा मराठीत आणल्या की, मुलांना त्या परक्या वाटल्याच नाहीत.

या साऱ्या नावांत एक समान धागा आहे. प्रत्येक ठिकाणी लेखकाच्या आधी किंवा लेखकाबरोबर एक संपादक उभा आहे, आणि त्याने आपल्या अंकातील काही पाने अपरिचित प्रकारच्या कथेसाठी राखून ठेवली आहेत.

टोपणनावाने आलेली कथा

१९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली. मराठीतून विज्ञानाचा प्रसार करणे हे तिचे कार्य. व्याख्याने आणि लेख यांच्या जोडीला परिषदेने १९७० पासून विज्ञानकथा स्पर्धा सुरू केली. निबंध वाचण्याचा कंटाळा करणारा वाचक कथा मात्र वाचतो, हे परिषदेच्या चालकांनी ओळखले असावे.

१९७४ मध्ये या स्पर्धेसाठी 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. कथेला पहिले पारितोषिक मिळाले आणि मग उलगडा झाला की, हे जगताप म्हणजे केंब्रिजहून परतलेले विख्यात शास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकर. आपल्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलट्या क्रमाने लावली होती. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगलाताईंच्या हातून लिहवून घेतली होती. अहमदाबादच्या एका परिषदेत कंटाळवाणे व्याख्यान ऐकता ऐकता त्यांनी ही कथा लिहावयास घेतली होती, असे ते सांगत.

या हकिकतीकडे गंमत म्हणून पाहून पुढे जाऊ नये. त्या वेळी नारळीकरांचे नाव देशभर झालेले होते. १९६५ सालीच त्यांना पद्मभूषण मिळाले होते. त्यांच्या नावावर कोणत्याही संपादकाने कथा आनंदाने छापली असती. तरीही त्यांना आपल्या कथेची परीक्षा हवी होती, आपल्या कीर्तीची नव्हे. आणि त्या परीक्षकांनीही अपरिचित 'जगतापां'ची कथा निगुतीने वाचून तिला पहिले स्थान दिले. एका बाजूला लेखकाची विनम्रता आणि दुसऱ्या बाजूला परीक्षकांची निःपक्षपाती दृष्टी, या दोहोंच्या भेटीतून मराठी विज्ञानकथेचे एक नवे पर्व सुरू झाले.

पुढच्या घटना वेगाने घडल्या. 'किर्लोस्कर'चे संपादक मुकुंदराव किर्लोस्कर यांनी त्यांच्याकडे आणखी कथांचा आग्रह धरला. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गाबाई भागवत यांनी आपल्या भाषणात या नव्या कथेची दखल घेतली. १९७९ साली 'यक्षांची देणगी' हा संग्रह मौज प्रकाशनाने काढला. बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, अरुण मांडे यांच्या लेखनाने हे दालन समृद्ध झाले. १९९३ साली फोंडके यांनी संपादित केलेला भारतीय विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह नॅशनल बुक ट्रस्टने प्रसिद्ध केला, तेव्हा मराठी कथा इतर भारतीय भाषांच्या पंक्तीत सन्मानाने बसली.

प्रेरणेचे झरे

आता प्रेरणेविषयी. नारळीकरांचे केंब्रिजमधील गुरू फ्रेड हॉइल हे स्वतः कादंबरीकार होते. त्यांची 'द ब्लॅक क्लाउड' १९५७ साली प्रसिद्ध झाली. शास्त्रज्ञाने कथा लिहिण्यात काही गैर नाही, हा धडा शिष्याला गुरूंच्या उदाहरणातूनच मिळाला. पण शिष्याने गुरूंची नक्कल केली नाही. 'यक्षांची देणगी', 'वामन परत न आला', 'अंतराळातील भस्मासूर' या शीर्षकांतूनच दिसते की, त्यांचे विज्ञान जागतिक असले तरी त्यांची प्रतिमासृष्टी आपल्या आजीच्या गोष्टींतील आहे. त्यांच्या एका कादंबरीचे नाव 'प्रेषित' आहे. हा शब्द आपण 'प्रेषितांची कृत्ये' वाचताना नेहमी उच्चारतो. पाठविलेला तो प्रेषित. तोच शब्द एका विज्ञानकादंबरीच्या मुखपृष्ठावर किती वेगळे कुतूहल जागवतो! 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत तर त्यांनी १७६१ ची लढाई मराठ्यांनी जिंकलेल्या जगात एका इतिहासाच्या प्राध्यापकाला नेऊन सोडले. पानिपताची सल ज्या समाजाच्या काळजात आहे, त्या समाजालाच ही कथा सुचू शकते.

इतरत्रही असेच घडले आहे. १८१६ च्या पावसाळी उन्हाळ्यात जिनिव्हा सरोवराकाठी काही मित्रांनी भुताच्या गोष्टी रचण्याची पैज लावली आणि अठरा वर्षांच्या मेरी शेलीला 'फ्रँकेन्स्टाईन' सुचली. १८१८ साली ती छापली गेली तेव्हा मुखपृष्ठावर लेखिकेचे नाव नव्हते. वॉल्टर मिलर हा अमेरिकन सैनिक दुसऱ्या महायुद्धात माँटे कॅसिनोच्या संत बेनेडिक्टच्या मठावरील बॉम्बहल्ल्यात सहभागी होता. १९४७ साली तो कॅथलिक झाला. पुढे त्याने अणुयुद्धानंतर ज्ञानाचे अवशेष जपणाऱ्या मठवासीयांची कथा लिहिली. 'अ कॅन्टिकल फॉर लीबोविट्झ' ही ती कादंबरी; तिचे भाग १९५५ पासून प्रथम एका कथामासिकात आले आणि १९६१ साली तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. मनातील जखमेने अशी भविष्यकथेची वाट धरली.

काही पालकांना अशी भीती वाटते की, अशा कथांनी मुलांची श्रद्धा डळमळेल. त्यांनी रॉबर्ट ह्यू बेन्सन या इंग्रज कॅथलिक धर्मगुरूची 'लॉर्ड ऑफ द वर्ल्ड' (१९०७) आठवावी. परमेश्वराला हद्दपार केलेल्या भावी जगाचे चित्र त्यांनी तीत रंगविले, आणि दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ती वाचण्याची शिफारस केली होती. विश्वाच्या प्रसरणाचा विचार १९२७ साली मांडणारे जॉर्ज लमेत्र हेही धर्मगुरूच होते. विश्वाच्या आरंभाविषयीच्या त्यांच्या मताचा हॉइल आणि नारळीकर यांनी प्रतिवाद केला तो गणिताने आणि निरीक्षणाने. कल्पना ही श्रद्धेची वैरीण नव्हे. आळशी मन मात्र दोघींचेही वैरी आहे.

नाशिकच्या मुलामुलींसाठी

आपल्याच जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत १९१०-११ च्या सुमारास प्रभू येशूच्या जीवनावरील मूकपट पाहिला आणि त्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहिले. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' हे त्या प्रेरणेचे फळ. प्रेरणेला धर्माची आणि भाषेची सीमा नसते. मात्र तिला आपल्या मातीत उतरावे लागते.

आणि नाशिकची माती काय कमी आहे? नाशिकरोडला नोटा छापणारा कारखाना १९२८ पासून आहे. कागदी नोट नाहीशी झालेल्या जगात तेथील निवृत्त कामगाराची नात काय विचारेल? पांडवलेण्यांतील दोन हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख आपण वाचू शकतो. आणखी दोन हजार वर्षांनी आपले कोणते अक्षर कोणी वाचील? ओझरला विमाने तयार होतात, लासलगावला कांद्याचे भाव ठरतात, बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो. गोदावरीला पाणीच उरले नाही तर त्या स्नानाचे काय? यांतील प्रत्येक प्रश्न एक कथा आहे, आणि ती न्यूयॉर्कच्या लेखकाला सुचणार नाही.

लिहिणाऱ्याने काही गोष्टी पाळाव्यात. एका कथेत एकच 'जर' असावा आणि त्याचे परिणाम प्रामाणिकपणे शेवटापर्यंत न्यावेत. विज्ञान चुकू नये म्हणून शाळेतील विज्ञानशिक्षकांना हस्तलिखित दाखवावे. यंत्रापेक्षा माणसावर अधिक शब्द खर्च करावेत. कथा पाठविण्यापूर्वी त्या अंकाची मागील दोन-तीन वर्षे वाचून काढावीत. आपल्या नगरीचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून वाचकांसाठी उघडे आहे. दिवाळी अंकासाठी लिखाण पावसाळ्यापूर्वीच सिद्ध असावे. विज्ञानकथेच्या स्पर्धांवर लक्ष ठेवावे. कथा साभार परत आली तर ती पुन्हा वाचावी, सुधारावी आणि दुसरीकडे पाठवावी.

परंतु सारा भार लेखकावर टाकून चालणार नाही. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडले आणि तेव्हापासून कथेला वाहिलेली मासिके विरळ होत गेली. आपली अनेक मुले आज इंग्रजीतून शिकतात. भविष्याचे स्वप्न ती परक्या भाषेत पाहतात आणि मराठीत केवळ भूतकाळाच्या गोष्टी ऐकतात. ज्या भाषेत उद्याची कथा लिहिली जात नाही, ती भाषा हळूहळू आजोबांची होऊन बसते. हे टाळावयाचे असेल तर प्रत्येक धर्मग्रामाने नाताळच्या वार्षिक अंकात दोन पाने तरुणांच्या कल्पनाकथेसाठी राखून ठेवावीत. कथा टोपणनावाने मागवाव्यात आणि खरे नाव बंद पाकिटात ठेवावे. परीक्षकांना कोणाचा मुलगा, कोणाची मुलगी हे कळू देऊ नये. खर्च दोन पानांचा आहे. नारळीकरांसारख्या मोठ्या माणसाने ज्या दारातून नाव झाकून प्रवेश केला, ते दार आपल्या लहान माणसांसाठीही उघडे असावे.