व्हॅनगार्डमधला रविवार

पंधरा पायऱ्या उतरा, जपून. वर न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये रविवारची दुपार आहे, तारीख २५ जून १९६१. खाली 'व्हिलेज व्हॅनगार्ड'चं तळघर. मॅक्स गॉर्डननं १९३५ साली काढलेला हा क्लब. खोली तिकोनी, आणि निमुळत्या टोकाला स्टेज. बेसच्या बाजूची खुर्ची पकडा.

पियानोवर बिल इव्हान्स, नाक पट्ट्यांना टेकेल इतका वाकलेला. ड्रम्सवर पॉल मोशन. बेसवर स्कॉट लाफारो, वय पंचवीस. रिव्हरसाइड कंपनीचे ऑरिन कीपन्यूज रेकॉर्डिंगला बसलेत. पहिलीच चीज लाफारोची, 'ग्लोरियाज स्टेप', आणि तिच्यातच वीज दगा देते. टेपवर तेवढा खड्डा पडतो. चीज मात्र नीट ऐका. पहिली ओळ पाच बारची आहे. चाराला सरावलेला कान पाचव्याला ठेचकाळतो.

लाफारो खाली ठेका धरून बसत नाही. इव्हान्सनं वाक्य अर्धं सोडलं की हा वरच्या सुरांत चढून त्याला भलताच फाटा फोडतो, आणि मोशन दोघांनाही सांभाळायला जात नाही. आपल्या कानाला हे लगेच उमगतं: ही साथ नव्हे, जुगलबंदी, तीही तिघांची.

अकरा दिवसांनी, ६ जुलैला, हा पोरगा मोटार अपघातात जाणार आहे. ते माहीत असल्यामुळे या सुरांत उगाच शोक शोधू नका. तो आत्ता मस्तीत वाजवतोय.

परक्यांच्या गाण्यांना इथे सोवळं-ओवळं नाही. डिस्नेच्या कार्टूनपटातलं 'अॅलिस इन वंडरलँड', गर्शविनच्या ऑपेरातलं 'पोर्गी', माइल्स डेव्हिसचं 'माइलस्टोन्स', सगळं चालतं. इव्हान्सला मोडतोडीची हौस नाही. 'माय फूलिश हार्ट'ची चाल तो जवळजवळ तशीच ठेवतो, फक्त खालचे कॉर्ड असे मांडतो की सिनेमातलं ते गाणं त्याचंच वाटावं. उलट 'वॉल्ट्झ फॉर डेबी' खरोखर त्याची, पुतणीसाठी रचलेली. आधी तीनच्या चालीत पियानो आणि बेस एवढेच. मग लय चारात झुलायला लागते आणि मोशनचे ब्रश येऊन मिळतात.

तेवढ्यात मागे कुणीतरी खो-खो हसतं. ग्लास किणकिणतात. तुम्ही चिडाल, वळून बघाल. नका बघू. हा गलबला टेपवर उतरतोय आणि मला विचाराल तर तो हवाच. 'इथे काही थोर चाललंय' असा आव त्यामुळे कुणाला आणता येत नाही.

रात्रीच्या शेवटच्या सेटपर्यंत थांबा. लाफारोची 'जेड व्हिजन्स', नऊच्या संथ लयीत, बेसवर दोन-दोन तारा एकदम छेडलेल्या. संपते, आणि तिघं ती लगेच पुन्हा पहिल्यापासून घेतात. 'संडे अॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड' या तबकडीच्या शेवटी पुढे हीच दुसरी खेप लागणार आहे.